एसएचएममध्ये आयाम आणि आवर्तकाल काढायचाय? आधी मधली जागा शोधा

गेल्या रविवारी भाची मखमलाबादहून स्कूटीवर आली, सीईटीच्या सरावाचे पेपर घेऊन, आणि चहा उकळायच्या आतच म्हणाली मामा हे बघ ना, उत्तर पर्यायातच नाहीये. प्रश्न साधा होता. एक कण १२ सेंटीमीटर लांबीच्या रेषेवर एसएचएम, म्हणजे सिंपल हार्मोनिक मोशन, एका मधल्या जागेभोवती लयीत मागेपुढे हलणं, करतोय, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला त्याला ०.४ सेकंद लागतात, तर त्याचा जास्तीत जास्त वेग किती. तिने आयाम घेतला १२, आवर्तकाल घेतला ०.४, पुढचं सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, आणि उत्तर आलं सेकंदाला १८८ सेंटीमीटर. खरं उत्तर ४७ च्या आसपास, म्हणजे बरोब्बर चौपट चुकलं. दोन आकडे, आयाम दुप्पट धरला आणि आवर्तकाल निम्मा, म्हणून चौपट.

मी अंबडच्या एमआयडीसीत एका स्प्रिंगच्या कारखान्यात तपासणीला आहे, दिवसभर स्प्रिंगच हातात असतात, आणि संध्याकाळी गल्लीतली अकरावी-बारावीची दोन-चार पोरं फिजिक्स विचारायला येतात, तर हा धडा माझ्या फार जवळचा आहे. इतक्या वर्षांत मी एक बघितलंय, की पोरांचं सूत्र सहसा चुकत नाही, चुकतं ते कुठून मोजायचं हे. म्हणून त्या दिवशी तिला जसं सांगितलं तसंच इथे लिहितोय, सूत्रं पण शब्दांतच लिहितो म्हणजे मोबाईलवर वाचताना अडायला नको.

आयाम म्हणजे अँप्लिट्यूड, मधल्या जागेपासून एका टोकापर्यंतचं अंतर. टोकापासून टोकापर्यंतचं नाही. आवर्तकाल म्हणजे पिरियड, एक पूर्ण फेरी, म्हणजे वस्तू जिथून निघाली तिथेच आणि त्याच दिशेने परत जायला लागली इतका वेळ. "त्याच दिशेने" हे शब्द विसरू नका. लंबक मधून उजवीकडे गेला, वळला, परत मधे आला, तर तो त्याच जागी आलाय पण दिशा उलटी आहे, म्हणजे फेरी अर्धीच झाली. एका पूर्ण फेरीत वस्तू आयामाच्या चौपट अंतर कापते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ प्रश्न सुटतात. भाचीच्या प्रश्नात रेषा १२ ची, म्हणजे आयाम ६, आणि टोक ते टोक ०.४, म्हणजे जाऊन येऊन ०.८. झालं.

आता ती मधली जागा, मीन पोझिशन. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशकात माणसं एकमेकांना काय विचारतात, पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं. कुणी म्हणतं कमरेला लागलं, कुणी म्हणतं छातीपर्यंत आलं, आणि ऐकणाऱ्याला घरबसल्या सगळं कळतं कारण मारुती जागचा हलत नाही, सगळे त्याच्यावरूनच मोजतात. एसएचएममध्ये मधली जागा म्हणजे तसा न हलणारा मारुती. तिथे वस्तूवरचं एकूण बल शून्य असतं, वस्तूला तिथे हळूच ठेवलं तर ती तिथेच राहते, आणि हलत असेल तर तिथून जाताना तिचा वेग सगळ्यात जास्त असतो. एक्स म्हणून जे काही सूत्रात येतं ते सगळं या जागेपासून मोजलेलं. जमिनीपासून नाही, छतापासून नाही, स्प्रिंग न ताणलेली होती तिथपासून पण नाही. या शेवटच्यावर मी जरा थांबणार आहे, कारण उभ्या स्प्रिंगच्या गणितात निम्मी पोरं तिथेच घसरतात.

लटकता काटा तुम्ही बघितलाय ना, द्राक्षाच्या सीझनला रस्त्याच्या कडेला हातगाडीवाल्यांकडे असतो तो, वर कडी, खाली हूक, मधे पट्टी. शाळेच्या पुस्तकात त्याला ताणकाटा म्हणतात. समजा काटा १० किलोचा आहे आणि पट्टी १० सेंटीमीटरची, म्हणजे किलोला एक सेंटीमीटर. स्प्रिंग किती कडक याच्या आकड्याला पुस्तकात के म्हणतात, आमच्या कारखान्यात के असं कुणी म्हणत नाही, रेट म्हणतात, किती मिलिमीटरला किती किलो, आणि हा रेट एकदा कळला की स्प्रिंगचं पुढचं सगळं कळतं. आता हुकाला ४ किलो द्राक्षाची पिशवी अडकवा पण हाताने खालून आधार द्या, काटा शून्यावरच राहू दे. आणि मग हात एकदम काढा. काटा ४ वर जाऊन गप्प बसतो का? नाही. तो ४ ओलांडून पार ८ च्या जवळ जातो, परत वर येतो, परत खाली, आणि असं करत करत ४ वर थांबतो. गिऱ्हाईक बिचारं त्या पहिल्या झोक्यातच ८ वाचून चमकतं.

तर इथे मधली जागा कुठली? शून्य नाही, ४. कारण ४ वर स्प्रिंगची ओढ आणि पिशवीचं वजन सारखं होतं. सोडलं कुठून? शून्यावरून, आणि सोडताना वेग नव्हता म्हणून शून्य हे एक टोक. मधल्यापासून टोक ४ सेंटीमीटरवर, म्हणजे आयाम ४ सेंटीमीटर, आणि दुसरं टोक मधल्याच्या खाली तितकंच, म्हणजे ८. (प्रत्यक्षात काटा ८ च्या थोडा अलीकडेच वळतो, आत घासाघीस असते ती थोडी ऊर्जा खाते.) आता तीच पिशवी हळूहळू सोडा, ४ वर शांत होऊ द्या, मग बोटाने २ सेंटीमीटर खाली ओढून सोडा. या वेळी काटा ६ आणि २ च्या मधे नाचेल, आयाम २ सेंटीमीटर. स्प्रिंग तीच, पिशवी तीच, पण आयाम बदलला, का तर सोडायची पद्धत बदलली.

आणि आवर्तकाल? दोन्ही वेळा एकच. उभ्या स्प्रिंगला फार सोपी युक्ती आहे, वजन टांगून शांत केल्यावर स्प्रिंग जितकी लांबली ती लांबी मीटरमध्ये घ्या, ९.८ ने भागा, वर्गमूळ काढा, २ पायने, म्हणजे ६.२८ ने, गुणा. ४ सेंटीमीटर म्हणजे ०.०४, भागिले ९.८, वर्गमूळ ०.०६४, गुणिले ६.२८, उत्तर ०.४० सेकंद. वस्तुमान पण नको, रेट पण नको. हे येतं नेहमीच्या सूत्रातूनच, २ पाय गुणिले वर्गमूळात वस्तुमान भागिले के, आणि शांत असताना के गुणिले लांबणं बरोबर वस्तुमान गुणिले जी (जी म्हणजे गुरुत्वाचा प्रवेग, तो ९.८), तर वस्तुमान भागिले के म्हणजेच लांबणं भागिले जी. एवढंच. १ किलो टांगलं तर लांबणं १ सेंटीमीटर आणि आवर्तकाल ०.२० सेकंद, ४ किलोला ०.४०, ९ किलोला ०.६०. वजन चौपट तर वेळ दुप्पट, नऊपट तर तिप्पट, वर्गमूळ डोळ्यांना दिसतं इथे. खऱ्या काट्यावर वेळ जरा जास्त येते कारण हूक पण हलतो आणि स्प्रिंगचं स्वतःचं वजन पण थोडं हलतं, बारीक गणितात स्प्रिंगच्या वजनाचा तिसरा हिस्सा टांगलेल्या वजनात मिळवतात.

इथे एक जोडप्रश्न हमखास येतो, स्प्रिंग कापून अर्धी केली तर? अर्धी स्प्रिंग दुप्पट कडक होते, निम्मी होत नाही. हे मला कामावर रोज दिसतं, वेढे कमी केले की रेट वाढतो. के दुप्पट म्हणजे आवर्तकाल वर्गमूळ दोनने भागायचा, ०.४० चा ०.२८.

तर मला मुख्य सांगायचंय ते हे, की आवर्तकाल वस्तूचा असतो आणि आयाम तुमचा असतो. आवर्तकाल स्प्रिंग आणि वजन ठरवतं, लंबकात दोऱ्याची लांबी आणि जी ठरवतं. आयाम ठरतो तुम्ही कुठून सोडलं, किती ढकललं यावर. म्हणून प्रश्न वाचतानाच दोन वेगळ्या रांगा करा मनात, कुठली माहिती वस्तूबद्दल आहे आणि कुठली सुरुवातीबद्दल. वस्तूच्या माहितीतून आवर्तकाल काढा, सुरुवातीच्या माहितीतून आयाम. प्रवेग बरोबर उणे २५ गुणिले विस्थापन (मधल्या जागेपासूनचं अंतर), एवढंच दिलं असेल तर २५ चं वर्गमूळ ५ हा ओमेगा, म्हणजे २ पाय भागिले आवर्तकाल असा आकडा, आवर्तकाल २ पाय भागिले ५, म्हणजे १.२६ सेकंद, आणि आयाम? या एका ओळीतून आयाम निघूच शकत नाही, कितीही डोकं खाजवा. त्याला सुरुवात लागते. मग पुढे लिहिलेलं असतं की सुरुवातीला विस्थापन ३ सेंटीमीटर आणि वेग सेकंदाला २० सेंटीमीटर, तर वेगाला ओमेगाने भागा, ४ आले, ३ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग, वर्गमूळ ५, आयाम ५ सेंटीमीटर. नुसतं ३ नाही, कारण ३ वर असताना वस्तू अजून पळतच होती, टोकाला पोचली नव्हती.

लंबक घरी करून बघाच, मी हात जोडून सांगतो. गणितं शंभर सोडवली तरी जे डोक्यात बसत नाही ते वीस झोक्यांत बसतं. शिवणकामाचा जाड दोरा, हार्डवेअरच्या दुकानातला एक जड नट, आणि दाराच्या चौकटीला वर एक खिळा. दोरा खिळ्याला घट्ट बांधा, सैल गाठ असेल तर टांगणीची जागा सरकते आणि लांबी बदलत राहते. लांबी मोजायची ती खिळ्याच्या टेकूपासून नटाच्या मध्यापर्यंत, नटाच्या वरच्या कडेपर्यंत नाही. ती बरोब्बर एक मीटर करा. दाराच्या मागे भिंतीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर कागद चिकटवा आणि नट शांत लटकत असताना त्याच्या मागे पेन्सिलने एक उभी रेघ मारा. ही तुमची मधली जागा, तुमचा मारुती. रेघेपासून १० सेंटीमीटरवर अजून एक खूण करा, नट तिथवर ओढा, आणि सोडा, ढकलू नका. आयाम १० सेंटीमीटर. एक मीटर दोऱ्याला हा कोन पावणेसहा अंशांचा होतो, म्हणजे लहानच, सूत्र व्यवस्थित चालतं. पंखा बंद.

आता वेळ. मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या, पण सोडल्या सोडल्या चालू करू नका. एक-दोन झोके जाऊ द्या. मग नट रेघेवरून डावीकडून उजवीकडे जाईल तेव्हा बटण दाबा आणि तोंडाने म्हणा शून्य. एक नाही, शून्य! पुढच्या वेळी डावीकडून उजवीकडे रेघ ओलांडली की एक, मग दोन, आणि वीस म्हणताना बटण परत दाबा. टोकावर का मोजायचं नाही, तर टोकावर नट वळताना हळू असतो, नेमका कधी वळला ते डोळ्यांना ठरवता येत नाही, आणि रेघेवरून तो सगळ्यात वेगात जातो म्हणून क्षण स्पष्ट पकडता येतो. आणि वीस झोके का, एकच का नाही? कारण बटण दाबताना आपला हात दशांश-दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतोच, एका झोक्यात ती चूक पूर्णच्या पूर्ण आवर्तकालात जाते, वीस झोक्यांत ती वीसने भागली जाते.

भाचीने केलं तेव्हा पहिल्यांदा ३८.२ सेकंद आले. वीसने भागलं १.९१, त्यावरून जी काढला तर १०.८. ती म्हणाली मामा नाशकात जी जास्त आहे वाटतं. मी म्हटलं परत मोज, आणि या वेळी मोठ्याने मोज. तिने बटण दाबलं आणि म्हणाली "एक". सापडलं. सुरुवातीलाच एक म्हटलं की वीस म्हणेपर्यंत झोके एकोणीसच होतात. शून्यापासून मोजल्यावर आले ४०.२, आवर्तकाल २.०१ सेकंद, जी ९.७७. आपल्या नाशकाचं अक्षांश साधारण २० अंश आणि उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, इथे जी ९.७८ च्या जवळ असतो, म्हणजे दोरा, नट आणि मोबाईल एवढ्यावर पोरीने किती जवळ गाठलं बघा. मला त्या दिवशी खरंच फार बरं वाटलं.

मग तेच १० च्या जागी ५ सेंटीमीटर ओढून करा, वीस झोक्यांना तेवढाच वेळ. एका नटाच्या जागी दोन नट बांधा, मध्यापर्यंतची लांबी तीच ठेवून, तेवढाच वेळ. आजोळी पंचवटीतल्या वाड्यात चार कड्यांचा झोपाळा होता, त्यावर आजी एकटी बसली काय आणि आम्ही चौघं भावंडं चढून बसलो काय, कड्यांची कुरकुर त्याच तालात यायची, लहानपणी त्याचं नवल वाटायचं. दोन मीटरच्या कड्या असतील तर एका फेरीला २.८ सेकंद, बसणारा कुणीही असो. ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं ते याच गुणावर, की झोका हळूहळू लहान झाला तरी वेळ जवळपास तोच राहतो.

जवळपास म्हटलं, कारण हे लहान झोक्यांपुरतं खरं आहे. कोन १० अंश असेल तर आवर्तकाल सूत्रापेक्षा ०.२ टक्के जास्त येतो, कळणार पण नाही. ३० अंशाला १.७ टक्के, ६० अंशाला ७ टक्क्यांच्या वर. म्हणून प्रयोगात नट कानापर्यंत ओढू नका. स्प्रिंगला ही अडचण नाही, ती जोवर ताणाच्या प्रमाणात ओढते तोवर आयाम केवढाही असू दे.

आता समीकरण दिलेलं असतं ते प्रकार. एक्स बरोबर ५ साइन (४ पाय टी अधिक पाय भागिले ३). साइनच्या बाहेर जो आकडा तो आयाम, ५. आत टीला, म्हणजे वेळेला, जो आकडा चिकटलाय तो ओमेगा, ४ पाय, आणि २ पायला त्याने भागलं की आवर्तकाल, ०.५ सेकंद. पाय भागिले ३ चं काय? काही नाही, ती सुरुवात कुठून झाली ते सांगते, आयाम आणि आवर्तकाल दोन्हीला हात लावत नाही. साइनच्या जागी कॉस असलं तरी फरक नाही. ओमेगालाच वारंवारिता (सेकंदाला किती फेऱ्या) समजून १ भागिले ओमेगा करू नका, मधे २ पाय आहे, आणि कॅल्क्युलेटर वापरत असाल तर तो डिग्रीवर नाही रेडियनवर ठेवा.

फसवे प्रकार दोन-तीनच आहेत. पहिला, ३ साइन ओमेगा टी अधिक ४ कॉस ओमेगा टी. आयाम ७ नाही, ५. कारण साइन जेव्हा टोकावर असतं तेव्हा कॉस शून्यावर असतं, दोघं एकाच वेळी टोकाला जातच नाहीत तर ७ होणार कसे. ३ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग, वर्गमूळ. पण ३ साइन अधिक ४ साइन असेल, आतलं सगळं सारखं, तर मात्र सरळ ७. दुसरा, एक्स बरोबर ८ साइन वर्ग ३ टी. पोरं म्हणतात आयाम ८. इथे परत मधली जागा शोधा. साइन वर्ग कधी उणे जात नाही, शून्य ते एक एवढंच फिरतं, म्हणजे एक्स शून्य ते ८ फिरतो, मधली जागा ४, आयाम ४. सूत्राने मोडलं तरी तेच येतं, ४ वजा ४ कॉस ६ टी, आणि त्यातून हे पण कळतं की ओमेगा ३ नाही, ६ आहे, आवर्तकाल १.०५ सेकंद. आणि कुठे ७ अधिक २ साइन असं काही दिसलं तर ७ ही फक्त मधली जागा सरकली, आयाम २ च.

आलेख दिला असेल तर सगळ्यात वरचा बिंदू आणि सगळ्यात खालचा बिंदू वाचा. दोघांची बेरीज निम्मी केली की मधली जागा, वजाबाकी निम्मी केली की आयाम. आवर्तकालासाठी शिखर ते शिखर. मधली रेघ ओलांडली तिथून पुढची ओलांडली तिथपर्यंत मोजलंत तर अर्धाच आवर्तकाल मिळेल, ही भाचीचीच चूक. आणि आलेखात चार-पाच शिखरं दिसत असतील तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत मोजून मधल्या फेऱ्यांनी भागा, शिखरं पाच तर फेऱ्या चार, परत तेच शून्यापासून मोजणं.

एक गोष्ट खूप जणांना पटत नाही. मधल्या जागेपासून टोकापर्यंत जायला आवर्तकालाचा चौथा हिस्सा लागतो, तर मग अर्ध्या अंतराला आठवा हिस्सा लागेल ना? नाही. मधल्या जागेजवळ वस्तू वेगात असते म्हणून पहिलं अर्धं अंतर ती बाराव्या हिश्श्यातच कापते, आणि उरलेल्या अर्ध्याला सहावा हिस्सा, म्हणजे दुप्पट वेळ. प्रश्नात असं आलं की मध्यापासून अर्ध्या आयामापर्यंत ०.२ सेकंद लागले, तर आवर्तकाल २.४ सेकंद, १.६ नाही.

वेग-प्रवेगाचे प्रश्न पटकन सांगतो. जास्तीत जास्त वेग म्हणजे आयाम गुणिले ओमेगा, जास्तीत जास्त प्रवेग म्हणजे आयाम गुणिले ओमेगाचा वर्ग. दोन्ही दिले असतील तर प्रवेगाला वेगाने भागा, ओमेगा हातात. वेग ०.६ आणि प्रवेग ३ असेल तर ओमेगा ५, आयाम ०.१२ मीटर म्हणजे १२ सेंटीमीटर, आवर्तकाल १.२६ सेकंद. आणि दोन जागांचे वेग दिले असतील, समजा मध्यापासून ६ सेंटीमीटरवर वेग ४० आणि ८ सेंटीमीटरवर ३०, तर वेगांच्या वर्गांचा फरक ७००, अंतरांच्या वर्गांचा फरक २८, भागाकार २५, ओमेगा ५. मग ४० भागिले ५ म्हणजे ८, ६ चा वर्ग अधिक ८ चा वर्ग, वर्गमूळ १०, आयाम १० सेंटीमीटर. उत्तर आलं की एकदा बघा, आयाम ८ पेक्षा मोठा आहे ना, कारण ८ वर वस्तू अजून चालतेच आहे. आयाम त्याहून लहान आला तर कुठेतरी वर्ग करायचा राहिलाय.

शेवटचा प्रकार मला स्वतःला सगळ्यात आवडतो, कारण त्यात आयाम आणि आवर्तकाल वेगवेगळ्या वाटेने बदलतात. गुळगुळीत टेबलावर आडव्या स्प्रिंगला ३ किलोचा ठोकळा, आयाम १० सेंटीमीटर, आणि वरून अलगद १ किलोचा मातीचा गोळा त्यावर ठेवला, तो चिकटला. आवर्तकाल कुठेही ठेवला तरी सारखाच बदलणार, वस्तू बदलली ना, ३ चे ४ किलो झाले, वर्गमूळात ४ भागिले ३, म्हणजे १.१५ पट. पण आयाम कुठे ठेवला त्यावर जाणार. टोकाला ठेवला तर ठोकळा त्या क्षणी थांबलेलाच होता, काही गमावलं नाही, आयाम १० चा १०. मधून जाताना ठेवला तर संवेग (मोमेंटम, वस्तुमान गुणिले वेग) तोच राहतो पण वेग पाऊण होतो, आयाम येतो १० गुणिले वर्गमूळात ३ भागिले ४, म्हणजे ८.६६.

भाची हे लिहून घेता घेता थांबली आणि म्हणाली, मामा अर्ध्या वाटेत ठेवला तर? मी म्हटलं तूच काढ. तिने ५ सेंटीमीटरवरचा वेग काढला, त्याचा पाऊण केला, नव्या ओमेगाने भागला, ५ च्या वर्गात मिळवला, वर्गमूळ काढलं, आणि वही माझ्याकडे फिरवली. ९.०१ सेंटीमीटर.